उत्तर: लपवणं वेगळं अन् खोटं सांगणं वेगळं

दादा, तुम्ही वर म्हणलात की युद्धाच्या टायमाला सरकारला सगळं खरं सांगता येत नाही, दुश्मन पण ऐकत असतो. मान्य. पण हल्ला कधी अन् कुठून करणार हे लपवणं वेगळं, आणि हल्ला कशासाठी करतोय हेच खोटं सांगणं वेगळं ना.

५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलनी, इराककडं महाविनाशक हत्यारं आहेत असं सांगत, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पांढऱ्या पावडरची इवलीशी बाटली हातात धरून दाखवली (आत अँथ्रॅक्सचे जीवघेणे जंतू नव्हतेच, नुसता देखावा), अन् पुढं अमेरिकेच्याच तपास पथकानं अख्खा इराक पालथा घातला तरी त्या हत्यारांचे साठे काही निघाले नाहीत. १९६४ ला व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झालाच नव्हता, तरी अमेरिकेच्या काँग्रेसनं (म्हणजे संसदेनं) ठराव पास करून राष्ट्राध्यक्ष जॉन्सनला व्हिएतनाम युद्धासाठी मोकळं रान दिलं.

आता आपल्याकडचं बघा, निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणायला लष्कर घातलं ती १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन. रझाकारांचा (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा) जुलूम खराच होता, त्यात काही बनवाबनवी नव्हती. पण नंतर मुसलमानांची जी कत्तल झाली तिचा तपास करायला नेहरूंनीच पंडित सुंदरलाल समिती पाठवली, तिनं २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद अन् नांदेड, आणि तो रिपोर्ट कित्येक वर्षं दाबून ठेवला. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, झेंडावंदनाची भाषणं ऐकतो, त्यात हे कधीच निघत नाही. हल्ल्याचं कारण खरं असताना पण एवढं लपवायची गरज का पडली, ह्याच्यावर बोला की.