एकदा बाहेर पडलात की संपलं? पार्कचं गेट आणि आपले अनुभव

मे महिन्यातला रविवार. मी, नवरा, दोन मुलं आणि आई-बाबा, म्हणजे सासू-सासरे. घोडबंदर रोडवरून साडेनऊला निघालो, अकराला वॉटर पार्कच्या आत. पार्क कुठलं ते लिहीत नाही, कुणीही विचारू नये. बाबांना डायबिटीस आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. आतमध्ये बॅगा तपासतात, सुया बघून वाद नको, म्हणून इन्सुलिनचं पेन गाडीतल्या थंड पाऊचमध्येच ठेवलं. एक वाजता जाऊन घेऊन येऊ, असा साधा हिशोब.

एक वाजता नवरा गेटवर गेला. गार्ड म्हणाला, "बाहेर गेलात की तिकीट संपलं." यांनी विचारलं, गाडी समोर दिसतेय, पाच मिनिटांत येतो. "नियम आहे." डॉक्टरांची चिठ्ठी फोनवर दाखवली. "सुपरवायझरना विचारा." सुपरवायझर जेवायला. ताटं वाढलेली, बाबा जेवत नाहीत, आई कासावीस, धाकट्याला परत स्लाइडवर जायचंय. चाळीस मिनिटांनी सुपरवायझर आले आणि त्यांनी फार सोपा तोडगा काढला: एक गार्ड यांच्याबरोबर गाडीपर्यंत चालत आला, डिक्की उघडली, पाऊच घेतला, दोघं परत. तीन मिनिटं लागली. सांगा, हे आधी का सुचू नये?

तिकीट ऑनलाइन काढताना ही अट कुठे तरी असेलही, मी वाचली नव्हती. चूक माझीही आहे. पण तुमच्याकडे असे किस्से असतील तर लिहा. परत आत सोडलं, नाही सोडलं, भांडून सोडलं, सगळं चालेल.

ऐरोलीचा केमिस्ट

ताई, पार्कचं नंतर बोलू. इन्सुलिन गाडीत ठेवायचं नाही! वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला चालतं, पण मे महिन्यात उन्हातली बंद गाडी म्हणजे भट्टी. थंड पाऊचही दोन तासांत पाणी पाणी होतो. पेन अंगाजवळच्या पर्समध्ये ठेवा आणि प्रिस्क्रिप्शनची छापील प्रत जवळ ठेवा. माझ्या दुकानातून अशा प्रती लोक खास प्रवासासाठी करून नेतात. गार्डला फोनचा स्क्रीन पटत नाही, कागद पटतो. का ते विचारू नका.

नेरूळ सेक्टर १९

आमच्याकडे वंडर्स पार्क आहे, महापालिकेचं. ताजमहालासकट सात आश्चर्यांच्या प्रतिकृती बघायच्या, लॉनवर बसायचं. बाहेर वडापाव खायला गेलो तर परत नवीन तिकीट काढतो. तिकीटच एवढं स्वस्त की भांडायची लाज वाटते. नियमाचा राग नियमाचा नसतो हो, तिकिटाच्या आकड्याचा असतो. चार जणांचे पाच-सहा हजार गेले असले की गेट तुरुंगाचं वाटायला लागतं.

दोन उन्हाळे गेटवर

मी बारावीनंतर दोन सीझन एका वॉटर पार्कच्या गेटवर उभा होतो. पलीकडची बाजू सांगतो, शिव्या घालू नका.

मनगटावर जो बँड बांधतात तो कागदासारखा दिसतो, पण कागद नाही. टायवेक म्हणतात त्याला, पाण्याने लगदा होत नाही, हाताने फाटत नाही. चिकटवायच्या टोकाला मुद्दाम बारीक काप दिलेले असतात. सोलायला गेलात की तिथेच तुकडे, परत चिकटत नाही. हे सगळं कशासाठी, तर एका तिकिटावर दोन माणसं येऊ नयेत म्हणून. तरी लोक बांधताना म्हणायचे, "भाऊ, सैल बांध, हाताला रॅश येते." सैल बांधला की शॉवरखाली साबण लावायचा, मूठ बारीक करायची, बँड अख्खा बाहेर. पार्किंगमध्ये चुलतभाऊ थांबलेलाच. सकाळी हा खेळला, दुपारी तो. एकदा तर एकाच बँडवर तीन जण आलेले आम्ही पकडले. तिसऱ्याचं मनगट एवढं जाड की बँड अडकून बसला आणि कात्री मागायला आमच्याकडेच आला!

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दुपारी बाहेर जाणारे खाऊन-पिऊन येतात. 'पिऊन' वर जोर द्या. डिक्कीत बाटली असते, ऊन डोक्यावर, आणि मग हे लोक वेव्ह पूलमध्ये. लाइफगार्ड त्यांना बघणार की मुलांना? माझ्या पहिल्या सीझनला गेट अर्धवट उघडं होतं, ओळखीच्यांना सोडायचो. एका दुपारी पूलमधून एकाला बेशुद्ध बाहेर काढला. वाचला. दुसऱ्या दिवसापासून गेट बंद.

आणि कॅन्टीन, हो, कॅन्टीनही आहेच. बाहेर पाव-मिसळ मिळत असताना आतली थंडगार पावभाजी कोण घेईल? हे कुणी आम्हाला तोंडाने सांगितलं नाही, पण सांगायला लागतं का?

इन्सुलिनवाल्यांना मी स्वतः सोडलं असतं. पण एक लक्षात घ्या, गेटवरचा पोरगा रोजंदारीवर असतो. त्याने सोडलं आणि चुकलं तर त्याचा त्या दिवसाचा पगार कापतात. म्हणून तो "नियम आहे" एवढंच म्हणतो.

घोडबंदरची (धागाकर्ती)

हे वाचून त्या गार्डवरचा माझा राग थोडा उतरला. थोडाच.

कॉलेजच्या काळातले पाप

बँड नव्हते तेव्हाची गोष्ट. हातावर जांभळा शिक्का मारायचे, रेल्वे पार्सलवर मारतात तसा. आम्ही सात जण, पैसे चौघांचे. चौघं आत गेले, एक जण ओला शिक्का घेऊन बाहेर आला आणि मनगटावर मनगट दाबून तिघांना 'प्रसाद' दिला. शिक्का उलटा उमटला, अर्थातच. गेटवरच्या काकांनी पाहिलं, चष्मा वर केला, म्हणाले, "आरशात बघून वाचू का?" तिघांना बाहेर काढलं, चौथ्यालाही. आम्ही वडापाव खाऊन ठाण्याला परत. तेव्हापासून शिक्क्याबद्दल आदर आहे.

कोपरखैरणेची आई

माझं बाळ सात महिन्यांचं होतं. पंप, बाटल्या, कपड्यांची बॅग सगळं गाडीत. फीडिंग रूम नव्हती, चेंजिंग रूममध्ये ओल्या फरशीवर उभं राहायचं. मी म्हटलं, गाडीत बसून पाजते, येते. नाही. शेवटी फर्स्ट एडच्या खोलीतल्या नर्सबाईंनी पडदा ओढून दिला आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. नियम कुणी मोडला नाही, माणूस मात्र भेटलं.

टोकियोहून परत, आता वाशीत

कंपनीच्या कामाने जपानमध्ये दीड वर्ष होतो, म्हणून तिकडचं लिहितो. टोकियो डिस्नीलँडला तेव्हा बाहेर पडताना हातावर शिक्का मारायचे, पण दिसायचं काहीच नाही. मला वाटलं बाईंनी शाई न लावताच दाबला. परत येताना जांभळ्या दिव्याखाली हात धरला आणि चित्र चमकलं. बरोबर तिकीटही दाखवायचं. शाई अतिनील प्रकाशात चमकणारी असायची, त्यामुळे वरच्या पापी मंडळींचा उलटा प्रसाद तिथे चालला नसता, दिसतच नाही तर दाबणार काय! त्याच जपानमध्ये ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजला मात्र साध्या तिकिटावर बाहेर पडलात की संपलं. म्हणजे देश, शिस्त, संस्कृती वगैरे काही नाही, ज्याचा त्याचा धंदा आहे.

अमेरिकेत भाऊ असतो. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १९५५ पासूनचं. तिथे लोक दुपारी हॉटेलवर जाऊन मुलांना झोपवतात आणि आतषबाजीला परत येतात. भावाने तसंच केलं, पोरगं झोपलं ते सकाळीच उठलं. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तर प्रवेशाला बोट स्कॅन करतात, कारण तिकडे अनेक दिवसांचं तिकीट अर्धं वापरून विकायचे. बघा, चुलतभावांची जात जगभर एकच!

शिक्षिका, नवी मुंबई

सहलीच्या शिक्षकांचा दृष्टिकोन वेगळा असतो. चार बसेस, सातवी-आठवीची एकशे ऐंशी मुलं. मला गेट बंदच हवं असतं. मुलं आत आहेत म्हणजे आत आहेत, हायवेवर नाहीत.

पण डबे बसमध्ये होते, आत बाहेरचं खाणं चालत नाही. म्हणून पत्रव्यवहार करून ठरवलं होतं: दुपारी सगळ्यांना रांगेत बाहेर काढायचं, पार्किंगच्या सावलीत डबे खायचे, परत आत. बाहेर पडताना प्रत्येकाला शिक्का. मुलं पाण्यातून आलेली, नखशिखान्त ओली. परतीच्या रांगेत पाहिलं तर निम्म्यांच्या हातावर काहीच नाही आणि उरलेल्यांच्या गालावर, कपाळावर, एकाच्या टकलावर (मुंज झाली होती). मॅनेजर म्हणाले, बाई, शिक्का कुठे? मी हजेरीपट उघडला आणि एकेकाचं नाव पुकारलं. पाऊण तास. एकशे ऐंशीपैकी एकशे एक्क्याऐंशी भरले. तो जास्तीचा मुलगा दुसऱ्या शाळेचा होता, आमच्या रांगेत पोळीभाजी खाऊन गेला होता.

डोंबिवलीकर, चुकून इथे

नायलॉनच्या कॉस्च्यूमबद्दल कुणीच बोलत नाही? सुती कपड्यांचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात म्हणून नायलॉन सक्तीचं, हे मान्य. पण तो गाडीत राहिला आणि भाड्याचा घ्यावा लागला, हे दुःख पुन्हा प्रवेशाच्याच खात्यात धरा.

ठाणे कोर्टाजवळ

व्यवसायाने वकील, पण हा सल्ला फुकट, म्हणून तेवढाच धरा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. त्यात 'अन्याय्य करार', म्हणजे ग्राहकावर लादलेल्या एकतर्फी अटी, ही कल्पना आहे. मात्र त्या मुद्द्यावरची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात नाही, राज्य आयोगाकडे जाते. एका तिकिटासाठी कोण जाणार? सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात करता येते आणि नव्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. पार्क कुठेही असो, ठाणेकर ठाण्यात दाखल करू शकतो. त्याआधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, बऱ्याचदा तिथेच मिटतं.

खाण्याबद्दल: ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांच्या बाबतीत सांगितलं की बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो, पण पिण्याचं पाणी फुकट हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही. हा निकाल सिनेमागृहांचा आहे, पार्कच्या गेटवर "सुप्रीम कोर्ट!" असं ओरडू नका. मात्र बोलताना आधार म्हणून उपयोगी पडतो. 'पुन्हा प्रवेश नाही' ही अट माझ्या मते टिकेल, पण ती पैसे भरायच्या आधी ठळक दिसायला हवी. औषधासाठी अडवून ठेवणं ही वेगळी गोष्ट, तिथे मी भांडेन.

जुने ठाणेकर, वय ७१

तुमच्या चर्चा वाचून हसू येते. एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झाले तेव्हा आम्ही मुलांना घेऊन गोराईला गेलो होतो. ठाण्याहून दादर, दादरहून बोरिवली, मग बस, मग खाडीतून लाँच. बाहेर पडून जाणार कुठे? समोर खाडी, मागे खारफुटी. परत आत सोडतात का, हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. शेवटची लाँच चुकू नये ही एकच चिंता. धाकटा मात्र लाँचवर चढल्यावर रडू लागला की चप्पल आत राहिली. मी म्हटले, राहू दे. ती चप्पल अजून तिथेच असेल. पार्क आता बंद आहे म्हणतात.

दोन उन्हाळे गेटवर

काका, चप्पल आमच्याकडे 'हरवले-सापडले'मध्ये पोतंभर असायच्या. सगळ्या एकेकट्या.

घोडबंदरची (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. केमिस्टदादांचं ऐकून प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती काढल्या, लॅमिनेट केल्या. बाबा म्हणाले, आता हे गळ्यात अडकव म्हणजे झालं.

पुढच्या महिन्यात भाचीचा वाढदिवस आहे, म्हणून काल दुसऱ्या एका पार्कला फोन करून सरळ विचारलं: दुपारी औषधासाठी बाहेर जाऊन परत येता येईल का? समोरची मुलगी गोड बोलणारी. म्हणाली, "मॅडम, एक मिनिट हं." तीन मिनिटं गाणं वाजलं. मग आली आणि म्हणाली, "मॅडम, तसं अलाऊड नाहीये, पण तुम्ही या, आल्यावर बघू."

मी विचारलं, हे लेखी पाठवाल का? फोन कट झाला. नेटवर्क असेल.