मदत हवी आहे: मंडळीत स्वागताच्या ठरावावर मतदान कसं घ्यावं?

अमेरिकेत युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या आमच्या मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) 'ओपन अँड अफर्मिंग' ठरावाची, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा सगळ्यांचं उघडपणे स्वागत करणाऱ्या ठरावाची, तयारी चालू आहे. पंथाच्या १९८५च्या महासभेचं हे फक्त आवाहन. निर्णय प्रत्येक मंडळीचा.

मसुद्यात लैंगिक कल, लिंगओळख, लिंगअभिव्यक्ती नावानिशी घेतलेत. नुसतं 'सर्वांचं स्वागत' वाचून, आजवर दाराबाहेर ठेवलेल्यांना भरवसा कसा वाटणार? विवाह, बाप्तिस्मा, पाळकपद, संडे स्कूलमध्ये शिकवणं, हेही स्पष्ट लिहिलंय.

अडतंय मतदानापाशी. घाई केली तर मंडळी फुटते. निसटत्या बहुमताने मंजूर झालं तर ज्यांच्यासाठी ठराव, तेच उघड्यावर पडतात. दोन तृतीयांशांची अट ठेवावी की तीन चतुर्थांशांची? मत गुप्तच ना? बायबलचा अभ्यास किती महिने घेतलात? वयस्कर सभासदांशी आधी घरी जाऊन बोललात का? अनुभवींनी कृपया सविस्तर लिहा.