मध्यम आकाराच्या खासगी विद्यापीठातील विद्यार्थी सेवा : पुस्तिकेतील यादी आणि प्रत्यक्ष उपयोग

नवी_वही

नमस्कार. सुमारे सहा हजार विद्यार्थी असलेल्या एका खासगी विद्यापीठात मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. प्रवेशाच्या वेळी जी पुस्तिका मिळाली, तिच्यात समुपदेशन केंद्र, लेखन साहाय्य केंद्र, प्रत्येकाला एक शैक्षणिक मार्गदर्शक, करिअर कक्ष, आरोग्य केंद्र आणि अनेक विद्यार्थी मंडळे अशी भली मोठी यादी होती. शुल्काच्या पावतीवर ‘विद्यार्थी सेवा’ म्हणून वेगळी रक्कमही आहे. आता सत्र निम्म्यावर आले असताना असे दिसते की समुपदेशनाची वेळ मागितली तर काही आठवड्यांनंतरची मिळते, मार्गदर्शक प्राध्यापकांकडे केवळ अर्जावर सही घेण्यापुरते जाणे होते आणि करिअर कक्ष शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांतच गुंतलेला असतो. मला संख्याशास्त्राचा विषय अवघड जात आहे आणि तो सोडावा की रेटावा, हे कोणाला विचारावे तेही कळत नाही.

हे सगळे विद्यापीठाच्या आकारामुळे होते, की सगळीकडे असेच असते? आणि वेळ मर्यादित असेल तर यांपैकी कोणत्या सेवेच्या मागे लागणे खरोखर उपयोगाचे आहे?

निवृत्त_कचेरी

विद्यार्थी कल्याण विभागात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे आतल्या बाजूने सांगतो. अमेरिकेतील उच्चशिक्षण संस्थांची गटवारी करणाऱ्या कार्नेगी वर्गीकरणाच्या आधीच्या आवृत्त्यांत ३,००० ते ९,९९९ पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या चार वर्षांच्या संस्थेला ‘मध्यम’ म्हणत. त्या मापाने तुमचे विद्यापीठ मध्यम आकाराचेच झाले. या आकाराची अडचण अशी की लहान महाविद्यालयात कामे माणसांच्या ओळखीने होतात आणि मोठ्या विद्यापीठात प्रत्येक कामाला भरलेली कचेरी असते, तर इथे कचेरीची पाटी मोठ्या विद्यापीठाएवढी असते पण आत दोन-तीनच माणसे बसतात. खासगी संस्थेचे उत्पन्न बहुतांशी शुल्कावर चालत असेल तर प्रवेश वाढवणारा नवा कक्ष उघडणे सोपे जाते, जुन्या कक्षात एक माणूस वाढवणे मात्र अवघड जाते, कारण पगाराचा बोजा कायमचा असतो. म्हणून सेवा आहे का, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही; त्या कामावर पूर्णवेळ किती माणसे आहेत, हे विचारावे.

समुपदेशनापुरते सांगायचे तर विद्यापीठीय समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संघटना दर १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा, असे सुचवते. सहा हजारांना चार ते सहा माणसे झाली. तुमच्याकडे दोनच असतील तर प्रतीक्षा का लांबते ते वेगळे सांगायला नको, आणि परीक्षांच्या सुमारास ती आणखी लांबते. पण ही प्रतीक्षा बहुतेक ठिकाणी नियमित भेटींची असते. तातडीच्या प्रसंगासाठी दररोज काही वेळ राखून ठेवण्याची पद्धत अनेक केंद्रांत असते आणि तो वेळ नुसती ‘भेट हवी’ म्हणणाऱ्याला दिला जात नाही. झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत आहेत, असे काही असेल तर ते स्पष्ट शब्दांत सांगावे आणि त्याच दिवशी भेट मागावी. रात्री-अपरात्री तसे घडले तर केंद्र उघडण्याची वाट न पाहता वसतिगृहाच्या अधीक्षकांना उठवावे. ते त्यांच्या कामाचाच भाग आहे.

गोपनीयतेबद्दल पुष्कळ विद्यार्थी विचारायला बिचकतात. प्रौढ विद्यार्थ्याने समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट सर्वसाधारणपणे त्याच्या संमतीशिवाय प्राध्यापकांना वा पालकांना कळवली जात नाही. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे अपवाद असतात आणि ते त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतात, म्हणून पहिल्याच भेटीत ते विचारून घ्यावेत.

विषय_शिक्षक

संख्याशास्त्राबद्दल लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात मुदत असलेली गोष्ट तेवढी एकच आहे.

विषय सोडण्याच्या बहुधा दोन पायऱ्या असतात. सत्राच्या सुरुवातीच्या ठराविक मुदतीत विषय सोडला तर गुणपत्रकावर त्याची खूण राहत नाही. ती मुदत उलटल्यानंतरच्या, सहसा सत्राच्या उत्तरार्धापर्यंत चालणाऱ्या दुसऱ्या मुदतीत सोडला तर ‘विषय सोडला’ अशी नोंद राहते. मात्र पुष्कळ ठिकाणी ती सरासरीत धरली जात नाही. त्यानंतर जे गुण पडतील ते पडतील. तुमचे सत्र निम्म्यावर आले आहे, म्हणजे पहिली मुदत बहुधा गेली आणि दुसरी चालू असेल. शैक्षणिक दिनदर्शिकेत ती तारीख आजच पाहावी. त्यासोबत आणखी एक गोष्ट पाहावी, जी विद्यार्थी हमखास विसरतात : विषय सोडल्यावर उरलेले श्रेयांक (क्रेडिट) पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी लागणाऱ्या किमान संख्येखाली तर जात नाहीत ना? कारण शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा आणि परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसाही अनेकदा त्या संख्येला बांधलेला असतो. शिवाय पुढच्या सत्रातील एखाद्या विषयाला संख्याशास्त्र उत्तीर्ण असण्याची अट असेल तर एक विषय सोडल्याने आख्खे वर्ष सरकू शकते.

मार्गदर्शक प्राध्यापकांकडे जायचे ते याचसाठी. ‘मी काय करू?’ असे विचारले की सहीच मिळते, हे खरे आहे; त्यांच्याकडे तीस-चाळीस विद्यार्थी असतात आणि त्यांना तुमचे नावही आठवत नसते. आतापर्यंतचे गुण, उरलेल्या परीक्षांचे भारांक आणि पुढील सत्रांत घ्यायचे विषय एका कागदावर मांडून न्या व ‘हा विषय आत्ता सोडला तर पुढे काय अडते?’ एवढेच विचारा. याचे उत्तर त्यांना देता येते, आणि नाही आले तर ते निबंधक कार्यालयात फोन करून विचारतील.

विषय ठेवायचा असेल तर सहाध्यायी अभ्यासवर्ग चालतो का, याची चौकशी करा. १९७३ साली मिझुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी परिसरात डीना मार्टिन यांनी एक पद्धत सुरू केली. त्यात आधी तो विषय चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्याच तासांना बसतो आणि आठवड्यातून काही वेळा इतरांना सोबत घेऊन अभ्यास करतो. या पद्धतीत कच्चे विद्यार्थी निवडले जात नाहीत, अवघड विषय निवडले जातात, त्यामुळे तिथे जाण्यात कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही. ती पुढे अनेक देशांत पोहोचली. तुमच्याकडे तिला काहीही नाव असेल. विभागाच्या लिपिकाला विचारलेत तर लवकर कळेल.

ग्रंथालय_खिडकी

यादीत तुम्ही ग्रंथालयाचा उल्लेखही केला नाही, हे एका ग्रंथपालाला लागणे साहजिक आहे. पण ते बाजूला ठेवून सांगते : तुमच्या शुल्कातून विकत घेतलेल्या गोष्टींपैकी बरीच महाग आणि फार थोडी वापरली जाणारी गोष्ट म्हणजे शोधपत्रिकांचे संगणकीय संग्रह. विद्यापीठाच्या खात्याने प्रवेश केला तर ते वसतिगृहातून, बहुतेकदा घरूनही उघडतात. मध्यम विद्यापीठाच्या ग्रंथालयाला सगळे विकत घेणे परवडत नाही, म्हणूनच आंतरग्रंथालयीन देवघेव असते; आपल्याकडे नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात आणि लेखाची प्रत तर अनेकदा काही दिवसांतच ईमेलवर येते. विद्यार्थी मागत नाहीत, कारण ही सोय प्राध्यापकांपुरतीच आहे असा त्यांचा समज असतो.

संख्याशास्त्राचे नेमलेले पुस्तक विकत घेण्याआधी राखीव कपाटात पाहा. अभ्यासक्रमाची पुस्तके तिथे काही तासांसाठी वाचायला मिळतात.

तिसरा_मजला

मी याच आकाराच्या एका विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. वरची उत्तरे उपयोगी आहेत, पण त्यांतील एक सूर मला पटत नाही. ‘हे विचारा, ते मागा, कागद घेऊन जा’ असा सगळा भार विद्यार्थ्यावर टाकला की ज्याच्या घरात आधी कोणी विद्यापीठ पाहिले आहे, तोच विचारतो. ज्याला खरी गरज असते त्याला काय विचारायचे असते हेच माहीत नसते. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात, याविषयी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडणी केली. तिच्यातही विद्यार्थ्याची कुवत आणि तयारी यांच्या जोडीला तो संस्थेच्या अभ्यासात आणि सामाजिक जीवनात किती मिसळला, याला मोठे स्थान आहे. मिसळणे एकट्या विद्यार्थ्याच्या हातात नसते. सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत जो तासांना दिसत नाही किंवा पहिल्या चाचणीत मागे पडतो, त्याचे नाव मार्गदर्शकाकडे आपोआप जावे, ही व्यवस्था अनेक विद्यापीठांत आहे. सहा हजार विद्यार्थ्यांत ती न जमण्यासारखी नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाची दुसरी बाजू. आकाराचा तोटा सांगितला गेला, फायदा राहिला. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यामधील लहान-मोठ्या माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९६४ मध्ये असे दाखवले की मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असले तरी लहान शाळेतील विद्यार्थी सरासरीने अधिक उपक्रमांत प्रत्यक्ष जबाबदारीचे काम करतात, कारण तिथे प्रत्येक हाताची गरज असते. अभ्यास शाळांचा होता, तरी आमच्या मंडळांत मला हेच दिसते. नाट्यमंडळाला प्रकाशयोजना करणारा मिळत नाही, विद्यार्थी नियतकालिकाला मुद्रितशोधन करणारा मिळत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही खरे काम हाती येते. तीन-चार मंडळांत नाव नोंदवून ठेवण्यापेक्षा एका मंडळात, जिथे तुम्ही न आल्यास काम अडेल अशी जागा धरा. करिअर कक्ष पहिल्या वर्षाला दारात उभे करत नाही, हे खरे. पण त्यांनाही शेवटी अर्जात लिहिण्यासारखे काही लागते, आणि ते इथे मिळते. शिवाय ग्रंथालयात वा प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना तासांवर काम मिळत असेल तर त्याचीही चौकशी आत्ताच करा, कारण त्या जागा बहुधा सत्राच्या आधी भरतात.

नवी_वही

सर्वांचे आभार. दिनदर्शिका पाहिली, दुसरी मुदत अजून आहे आणि संख्याशास्त्राची अट पुढच्या दोन विषयांना आहे, म्हणून विषय ठेवायचे ठरवत आहे. सहाध्यायी वर्ग आहे, पण तो ‘शैक्षणिक उत्कर्ष कक्ष’ या नावाखाली असल्यामुळे तो हुशार विद्यार्थ्यांसाठी असावा असे मी धरून चालले होते.

आणखी एक विचारायचे आहे. माझ्या खोलीतील मैत्रिणीला शाळेत वाचन-अक्षमतेमुळे परीक्षेत जास्त वेळ मिळत असे. इथे तिने अजून कोणालाच सांगितलेले नाही. तिने प्रत्येक प्राध्यापकांशी बोलावे का? आपली अडचण सगळ्या वर्गाला कळेल, ही तिची भीती आहे.

निवृत्त_कचेरी

प्राध्यापकांकडे आधी जाऊ नये. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा कक्ष असेल तिथे, आणि स्वतंत्र कक्ष नसेल तर विद्यार्थी कल्याण विभागात तिने तपासणीचा अहवाल घेऊन जावे. कक्षाकडून प्राध्यापकांना जाणारे पत्र नीट लिहिले असेल तर त्यात निदान नसते. ‘या विद्यार्थिनीला अमुक इतका जादा वेळ व स्वतंत्र खोली द्यावी’ एवढेच असते. जादा वेळेची परीक्षा सहसा वेगळ्या जागी होते, त्यामुळे वर्गात चर्चा होण्याचा प्रसंग येत नाही.

दोन गोष्टी तिला अवश्य सांगा. शाळेतील सवलत विद्यापीठात आपोआप पुढे येत नाही, आणि अहवाल फार जुना असेल तर काही ठिकाणी नवा मागतात. नव्या तपासणीला वेळ लागतो. दुसरे असे की सवलत बहुतेक ठिकाणी मंजुरीनंतरच्या परीक्षांनाच लागू होते, आधी झालेल्या परीक्षेचे गुण बदलत नाहीत. तेव्हा सत्रान्त परीक्षेसाठी वेळ हवा असेल तर तिने याच आठवड्यात अर्ज द्यावा, आणि पुढच्या सत्रात पत्रांचे नूतनीकरण करावे लागते का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.