एएमसाठी ‘३०० वॅट’चा अँटेना ट्यूनर पुरेल का?

कोथरूडची गच्ची
नमस्कार मंडळी. माझा हौशी (हॅम) रेडिओचा एएम ट्रान्समीटर आहे, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलणारा: ६१४६ व्हॉल्व्हची जोडी, प्लेट-मॉड्युलेटेड (व्हॉल्व्हच्या प्लेट व्होल्टेजवरच आवाज चढवलेला), कॅरियर (आवाज नसतानाही चालू असलेली मूळ लहर) ७५ वॅट. गच्चीवर ७.१ मेगाहर्ट्झला कापलेला २० मीटरचा डायपोल (मध्यावर जोडलेली तारेची अँटेना), खाली २५ मीटर आरजी-२१३ कोअॅक्स केबल. त्याच डायपोलवर ८० मीटर बँडही (साधारण दुप्पट तरंगलांबीचा) चालवायचा आहे. ‘३०० वॅट’ लिहिलेला टी-नेटवर्कचा (दोन कंडेन्सर, मध्ये कॉइल) वापरलेला ट्यूनर, म्हणजे ट्रान्समीटर आणि अँटेना जुळवणारा डबा, मिळतोय. कॅरियर ७५, म्हणजे चौपट मोकळीक आहे असं धरू का? जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचे दोन गँग कंडेन्सरही (स्टेशन लावताना पाती फिरणारे) हाताशी आहेत.

हवाई गँग
मोकळीक चौपट नाही, शून्य आहे. १०० टक्के मॉड्युलेशनला व्होल्टेज दुप्पट होतं, म्हणून शिखराची पॉवर चौपट: ७५ चे ३०० वॅट. आवाजाची वरची शिखरं १२० टक्क्यांवर गेली तर ३६३. शिवाय ट्यूनरवरचा आकडा बहुतेक वेळा एसएसबीच्या (कॅरियर न पाठवता बोलण्याच्या पद्धतीच्या) शिखराचा असतो. एसएसबीत बोलण्याच्या मधल्या जागेत कॉइल थंड होते. एएममध्ये कॅरियर सतत चालू, वर मॉड्युलेशनची भर. त्यामुळे कंडेन्सर शिखराच्या व्होल्टेजवर निवडा आणि कॉइल सततच्या करंटवर. माझ्या मते ८०० वॅट ते १ किलोवॅट लिहिलेलाच घ्या.

गँग कंडेन्सर मात्र रिसीव्हरसाठीच ठेवा. १००० ओहमच्या लोडवर (ट्यूनरला दिसणाऱ्या अँटेनाच्या बाजूवर) ३०० वॅटच्या शिखराला सुमारे ७७५ व्होल्ट येतात. त्या पातळ फटीत ठिणगी पडू शकते. पात्यांमध्ये किमान दीड मिलिमीटर अंतर हवं.

दोन तारा
मुळात ७.१ वर डायपोल नीट कापलेला असेल तर ट्यूनर लागतच नाही. खरी अडचण ८० मीटरची. तिथे हा डायपोल निम्म्या लांबीचा पडतो, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या लहरीचं माप) प्रचंड चढतो आणि बरीच पॉवर कोअॅक्समध्येच जळते. शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) ट्यूनर मीटरवर १:१ दाखवेल, पण कोअॅक्सवरचा एसडब्ल्यूआर तसाच राहतो. ट्यूनर कितीही महाग घ्या, हे बदलत नाही.

कोअॅक्स काढा, दोन तारांची लाइन लावा. २ मिलिमीटरची तांब्याची तार, मध्ये १० सेंटिमीटर अंतर ठेवलं की सुमारे ५५० ओहम होतात. जागा असेल तर डायपोल ३० मीटरपर्यंत वाढवा. ट्यूनर बॅलन्स्ड (दोन्ही तारांना सारखं चालवणारा) हवा आणि १:१ करंट बालन (बॅलन्स्ड बाजू कोअॅक्सला जोडणारा भाग) त्याच्या इनपुटला. आउटपुटला ४:१ बालन लावला तर विचित्र लोडवर त्याचा कोअर तापतो.

कोथरूडची गच्ची
घरी बनवायचा झाला तर कॉइल किती? आणि ठिणगी पडतेय हे ओळखायचं कसं?

हवाई गँग
एल-नेटवर्क (एक कॉइल, एक कंडेन्सर) करा, सुटे भाग कमी. ७.१ वर १००० ओहमच्या लोडसाठी साधारण ५ मायक्रोहेन्री आणि लोडच्या बाजूला १०० पिकोफॅरॅड. ५ सेंटिमीटर व्यासावर १३ वेढे, ६.३ सेंटिमीटर लांबीत पसरलेले. लोड ५० ओहमच्या खाली गेला तर कंडेन्सर ट्रान्समीटरच्या बाजूला घ्यावा लागतो, म्हणून अदलाबदलीचा स्विच ठेवा. ८० मीटरला कॉइल मोठी लागेल, तेव्हा टॅप (मधल्या वेढ्यांवरच्या जोडण्या) काढून ठेवा. साधी तार पुण्यातल्या तापकीर गल्लीत मिळेल, रुंद फटीच्या कंडेन्सरसाठी तिथला जुना बाजार धुंडाळा.

ठिणगी नुसत्या कॅरियरवर पडत नाही, म्हणून फसायला होतं. ५–१० वॅटवर जुळवा, मग पूर्ण कॅरियर, मग बोला. बोलताना रिफ्लेक्टेडचा (परतणाऱ्या पॉवरचा) काटा उसळला किंवा ऐकणाऱ्याला शिखरावर कर्कश आवाज आला, की कंडेन्सर तपासा. तसंच चालवत राहू नका. शिखरावर लोड अचानक बदलला की मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या (प्लेट व्होल्टेजवर आवाज चढवणाऱ्या) इन्सुलेशनवर बेतू शकतं, आणि तो परत मिळणं कठीण.

दोन तारा
टी-नेटवर्कच घेतलात तर कंडेन्सरची पाती जास्तीत जास्त मिटलेली आणि कॉइल कमीत कमी, असा जोड शोधा. नुकसान आणि व्होल्टेज दोन्ही उतरतात. आणि टॅपचा स्विच पॉवर चालू असताना फिरवायचा नाही, संपर्क जळतात.