२६ जानेवारीला सोसायटीच्या बागेत कार्यक्रम करायचाय, सजावट आणि झेंड्याबद्दल मदत हवीये

जाईचा_वेल
नमस्कार मंडळी, यंदा २६ जानेवारीचं सगळं कमिटीने माझ्याकडे आणि शेजारच्या वहिनींकडे दिलंय. दरवर्षी झेंडावंदन झालं की लोक हातात पेढा घेऊन पाच मिनिटांत घरी. यावेळी मधल्या लॉनवर सगळ्यांनी दोनेक तास बसावं, नाश्ता व्हावा, पोरांनी काहीतरी करावं असं फार मनात आहे. झाडांना झेंड्यांच्या पताका, टेबलांवर तिरंगी कापड, तिरंग्याचे नॅपकिन असं ठरवलेलं पण वहिनी म्हणतायत आधी नियम विचार. आणि पॉलिस्टरचा झेंडा चालतो का? संध्याकाळी उतरवावाच लागतो का?

जुना_कॅडेट
ताई, वहिनींचं ऐका. ध्वजसंहिता २००२ मध्ये स्पष्ट आहे, झेंड्याचं तोरण, पताका किंवा सजावटीची वस्तू करायची नाही, टेबलावर अंथरायचा नाही, आणि नॅपकिन, रुमाल, उशी यावर छापायचा तर अजिबातच नाही. लोक नॅपकिनला तोंड पुसून चुरगाळून टाकणार, त्यावर अशोकचक्र असलेलं कोणाला बघवेल सांगा. माझं मत असं की बागेत झेंडा एकच ठेवा, खांबावरचा. मग सगळ्यांचं लक्ष आपोआप तिकडे जातं. बाकी सजावट झेंडूच्या माळा, पांढरी शेवंती आणि आंब्याचे टहाळे यांची करा, रंग तेच येतात आणि कुठे चुकीचं वाटत नाही. फक्त खांबावर हार वगैरे घालू नका, झेंड्याच्या आत घडी घालताना पाकळ्या ठेवलेल्या चालतात.

पॉलिस्टर चालतो, डिसेंबर २०२१ मध्ये तशी दुरुस्ती झाली, आधी हाताने कातलेलं-विणलेलं कापडच लागायचं. आणि जुलै २०२२ पासून सामान्य नागरिकांना रात्रीही फडकत ठेवता येतो. आकार कुठलाही घ्या पण लांबी-रुंदी ३:२ हवी. दोरीची गाठ आदल्या दिवशी ओढून बघा, २६ तारखेला झेंडा वरच बांधलेला असतो आणि ऐन वेळी गाठ सुटत नाही तेव्हा प्रमुख पाहुणे बिचारे ओढतच राहतात!!

हिरवीगार_गच्ची
मी बागेचं सांगते. लॉनला दोन दिवस आधी पाणी बंद करा नाहीतर खुर्च्यांचे पाय रुततात आणि सगळा चिखल होतो. जानेवारीत सकाळी दव असतं, सतरंज्या आदल्या रात्री टाकून ठेवू नका. दहानंतर ऊन चढतं म्हणून आजी-आजोबांच्या खुर्च्या सावली कुठे सरकते ते बघून मांडा, हे आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन बघितलंत की कळेल. जिलेबी तिथेच गरम काढणार असाल तर (काढाच, २६ जानेवारीला जिलेबी नाही तर काय मजा) कढई फरशीवर लावायला सांगा, तेल सांडलं की तेवढं गवत जळतं.

ताटल्या पत्रावळीच्या नाहीतर सुपारीच्या पानांच्या आणा. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, ग्लास, चमचे, फुग्याच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल आणि प्लास्टिकचे झेंडे पण बंद आहेत. पोरांना कागदी झेंडे द्या आणि निघताना गेटवर एकाने उभं राहून ते परत गोळा करा, जमिनीवर पडता कामा नयेत.

वाचनवेडा
एक सुचवू का, भाषणं कमी करा आणि संविधानाची उद्देशिका वाचा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यात नक्की फरक काय हे अर्ध्या पोरांना सांगता येत नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, आपणच दोन्ही दिवशी तेच करतो. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं पण पूर्ण लागू केलं २६ जानेवारी १९५० ला, कारण १९३० साली याच तारखेला देशभर पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला होता. हे एखाद्या आठवी-नववीतल्या मुलीला सांगायला लावा. मग "आम्ही, भारताचे लोक" सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, कागदावर मोठ्या अक्षरात छापून द्या म्हणजे आजोबांनाही चष्म्याशिवाय वाचता येईल. सोसायटीचे वॉचमन, कचरा नेणाऱ्या मावशी यांनाही त्यात घ्या, नुसतं खायला बोलावू नका, तेही त्याच वाक्यातले आहेत.

जाईचा_वेल
किती छान सांगितलंत सगळ्यांनी!! पताका आणि नॅपकिन रद्द, उद्देशिका नक्की. अजून एक, एकजण तिरंगी केक आणतायत, वर अशोकचक्र असलेला, तो कापायचा का?

जुना_कॅडेट
अशा केकवरून केस झाली होती ताई, मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये तो गुन्हा नाही असं सांगितलं. तरी मी असतो तर चक्र नको म्हणालो असतो, बेकरीवाल्याला आत्ताच फोन करा, ऑर्डर बदलता येईल.