सोसायटीतील मतदान वाढवण्यासाठी नेमके काय करावे?

कोथरूडकर: २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या सोसायटीतील निम्म्या लोकांनीही मतदान केले नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र दिवसभर शाई लावलेल्या बोटांचे फोटो येत होते. पुढच्या वेळी याहून उपयोगी असे काय करता येईल?

निवृत्त शिक्षक: मी काही वर्षे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) काम केले आहे. पुष्कळदा अडचण अनास्थेची नसून नावाची असते. भाडेकरूचे नाव गावच्या यादीतच राहिलेले असते. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८, तर नव्या नोंदणीसाठी नमुना ६ भरावा लागतो आणि उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी नाव घेतले जात नाही. म्हणूनच मोहीम मतदानाच्या आठवड्यात नव्हे, तर काही महिने आधी, छापील यादी हातात घेऊन दारोदार फिरून करावी. नवमतदारांसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या तारखेला १८ वर्षे पूर्ण असावी लागतात) आहेत, हे कित्येक पालकांना ठाऊकच नसते.

मीरा_ठाणे: आम्ही ‘मतदान अवश्य करा’ छापाचे संदेश (ते कोणी वाचत नाही!) बंद करून प्रत्येकाला त्याचा यादी भाग, अनुक्रमांक आणि केंद्राची खोली स्वतंत्रपणे कळवली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तो कागद फ्रिजवर चिकटवला होता.

कोथरूडकर: आभार. येत्या रविवारी यादी घेऊन पहिल्या विंगपासून सुरुवात करतो.