सोलापुरातून बॉडीबिल्डिंगला उतरायचंय, दिवाळीनंतरची स्पर्धा जमेल का?

कडकभाकरी

नमस्कार. मी जुळे सोलापूरची, वय २८, उंची ५ फूट ३ इंच, वजन ५४. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते म्हणजे दिवसभर बूड खुर्चीत. दीड वर्षापूर्वी पाठ दुखते म्हणून जिम लावली आणि पाठ राहिली बाजूला, वेटचंच वेड लागलं. आता स्क्वॉट ५५ किलोचे पाच जातात, डेडलिफ्ट ७०, हिप थ्रस्ट ८०. पुलअप एकच, तोही सिद्धेश्वराचं नाव घेऊन.

तर आमचे ट्रेनर म्हणतात दिवाळीनंतर एक स्पर्धा आहे, उतर, आपल्या जिममधून अजून एकही मुलगी स्टेजवर गेली नाही. सहा महिने रग्गड आहेत म्हणे. सोबत व्हे (प्रोटीन पावडर) आणि 'कटिंगच्या', म्हणजे चरबी उतरवायच्या, गोळ्या घ्यायला सांगितल्यात, गोळ्या साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत, वर नाव नाही काही नाही, विचारलं तर म्हणे बायकांना एवढा डोस चालतो. अजून घेतलेल्या नाहीत, पर्समध्ये पडून आहेत.

खाणं: सकाळी दोन अंडी, डब्यात दोन भाकऱ्या भाजी आणि शेंगा चटणी, जिमनंतर एक स्कूप व्हे, रात्री वरणभात. चिकन फक्त रविवारी कारण घरात अर्धी माणसं माळकरी, वेगळं भांडं वेगळा गॅस सगळा सोहळा असतो.

मला कोणत्या गटात उतरता येईल, सहा महिने पुरतील का, आणि आईला कॉस्च्युमचं कसं सांगायचं? तिला 'स्पर्धा' एवढंच माहितीय, तिला वाटतंय वेटलिफ्टिंग आहे.

हिल्सवाली_पुणे

अगं मीपण मूळची सोलापूरची, माहेर अशोक चौकात, दोनदा स्टेजवर गेलेय म्हणून लिहिते.

आधी गट. बायकांत बिकिनी, वेलनेस, फिगर, फिजिक असे असतात. बिकिनीत एकदम सुकलेलं, रेषा रेषा दिसणारं शरीर उलट मार्क घालवतं, तिथे बांधा, खांदे, ग्लूट्स म्हणजे कुल्ले आणि चालणं बघतात. वेलनेसमध्ये खालचं अंग भरीव लागतं, मांड्या आणि ग्लूट्स वरच्या अंगापेक्षा उठून दिसले पाहिजेत. फिगरला खांदा रुंद, कंबर बारीक. फिजिकला त्याहून जास्त मसल लागतं आणि तिथे हिल्स नसतात, अनवाणी पोझ देतात. पण आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांत बायकांसाठी एकदोनच गट ठेवतात, त्यामुळे कुठला गट आहे हे आधी विचार. माझ्या पहिल्या वेळी मी बिकिनीची तयारी करून गेले आणि तिथे सगळ्याजणींना एकाच रांगेत उभं केलं, माझ्या शेजारी दहा वर्षं वेट मारलेली बाई. सातात सहावी आले. सातवी बिचारी रडत होती म्हणून मला रडता पण आलं नाही.

आता वेळ. हिशोब उलटा मांड. मसल टिकवून वजन उतरवायचं तर आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. स्टेजसाठी पाचसहा किलो काढायचे म्हटले तर १६ आठवडे धरून चाल. हातात २६. मग मसल चढवायला राहिले किती, १०! आणि ५४ ची तू ४८ वर आलीस तर दाखवायला काय उरणार, हाडं? मी असते तर हे वर्ष पोटभर खाऊन वेट वाढवले असते आणि पुढच्या वर्षी उतरले असते.

आणि खाणं. शेंगा चटणीवर माझा जीव आहे पण ती प्रोटीन म्हणून मोजू नकोस बाई. मी एकदा 'दोन चमचे' काट्यावर ठेवले तर ४० ग्रॅम निघाले. १०० ग्रॅम शेंगदाण्यात प्रोटीन २५ च्या आसपास आणि फॅट जवळजवळ ५०, म्हणजे त्या दोन चमच्यांत सव्वादोनशे कॅलरी गेल्या की! तू लिहिलंयस त्याचं प्रोटीन ६०-६५ होत असेल, तुला किलोला १.६ ते २ ग्रॅमनी ९०-१०० पाहिजे. सोया चंक्स ५० ग्रॅम कोरडे घेतले तरी २५ ग्रॅम मिळतं, माळकऱ्यांच्या भांड्यात पण चालतं. भाकरी सोडू नकोस, कुणी ओट्स खा म्हणालं तरी.

एक राहिलंच, टॅन, म्हणजे स्टेजवर अंग गडद दिसायला लावतात तो रंग. आदल्या रात्री लावून लॉजवर झोपले, घरून नेलेली आपली सोलापुरी चादर पांघरून. सकाळी चादरीवर माझा अख्खा पुतळा छापलेला, हात डोक्याखाली घेतलेला पण दिसत होता. आईने तीनदा धुतली, गेला नाही. जुनी चादर ने.

तालीम_आणि_ताक

मी तीस वर्षं पोरांना तयार करतोय, गेली पाचसहा वर्षं पोरीही येतात. वरच्या ताईंचं गणित बरोबर आहे पण माझं मत जरा वेगळं. उतरू दे की. पहिली स्पर्धा नंबरासाठी नसतेच, स्टेजवरच्या लाईटमध्ये पाय कसे लटपटतात ते घरच्या आरशात कळत नाही. फक्त एक, वजन जास्त काढायच्या नादी लागू नये, दोनतीन किलो उतरवून जशी आहे तशी उभी राहावी.

पोझिंगला मात्र आजपासून लागा. आमची पोरं सहा महिने छाती मारतात आणि पोझिंग शेवटच्या आठवड्यात. क्वार्टर टर्न म्हणजे नुसतं वळणं नाही, समोरून, डावी कूस, पाठ, उजवी कूस, प्रत्येक ठिकाणी पोट आत, पाठीचे पंख उघडे, श्वास चालू आणि तोंड हसरं. पंच तुलना करायला लागले की तेच पुन्हा पुन्हा, पाचपाच मिनिटं आवळून उभं राहायचं. स्क्वॉट परवडला. रोज १५ मिनिटं कपाटाच्या आरशासमोर करा आणि मोबाईलवर शूट करून बघा, लाज वाटते पण तीच औषध.

आईंचं म्हणाल तर आधी अशा स्पर्धेचा व्हिडिओ दाखवा आणि मग कपडा सांगा, उलटं केलंत तर संपलं. पुण्याच्या दीपिका चौधरी एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेतली नोकरी सांभाळून फिगरमध्ये खेळल्या, असं नोकरदार बाईचं उदाहरण घरी पटतं. आणि हा खेळ कालचा नाही हेही सांगा, बायकांची ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगची जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा, १९८० ला सुरू झाली, रेचल मॅकलिश जिंकली. मधे २०१४ नंतर ती बंदच केली होती, २०२० ला परत आणली. ऑलिंपियात बिकिनी २०१० ला आली, वेलनेस तर २०२१ ला.

त्या पुडीबद्दल मी लिहायला घेतलं तर शिव्या येतील म्हणून थांबतो.

नाईटड्युटी

मग मी लिहिते, नर्स आहे. पुडी फेकून दे, आजच. नाव नसलेल्या गोळीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. बायकांना 'चालतं' म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा ऑक्झँड्रोलोन, ते स्टेरॉइडच आहे. आवाज घोगरा झाला तर गोळी बंद केल्यावर तो परत येईलच असं नाही, बऱ्याचदा येत नाही. कटिंगसाठी म्हणून क्लेनब्युटेरॉल पण फिरतं, त्याने छाती धडधडते, हात थरथरतात. आणि डोपिंग टेस्ट झाली तर दोन्ही बंदी असलेल्या यादीत आहेत.

कटिंग चालू करायच्या आधी सीबीसी, फेरिटिन (शरीरातलं लोह), थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी या रक्ताच्या तपासण्या करून घे. पाळी लिहून ठेव, तारखेसकट. कमी खाणं आणि जास्त व्यायाम यांनी पाळी थांबते, आणि जिममध्ये लोक त्याला 'लीन झालीस' म्हणून शाबासकी देतात. थांबली तर खाणं वाढवायचं आणि डॉक्टरकडे जायचं, हाडं ठिसूळ होतात गं त्याने. शेवटच्या आठवड्यात पाणी तोडायला, म्हणजे पिणं कमी करायला, सांगणारे पण भेटतील, आपल्याकडच्या ४२-४३ च्या उन्हात तर घरी सरावालासुद्धा करू नकोस असलं काही.

कडकभाकरी

बापरे, सगळ्यांना खूप खूप थँक्यू. पुडी आत्ता फेकली, बेसिनमध्ये टाकणार होते पण म्हटलं ड्रेनेजमधल्या उंदरांना मसल यायचे म्हणून भुकटी करून मातीत मिसळून कचऱ्यात टाकली. चटणी पण काट्यावर ठेवली, माझे दोन चमचे ५२ ग्रॅम निघाले, बोलायची सोय नाही.

आईला रात्री व्हिडिओ दाखवला. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली हिच्या पाठीवर एवढं कसं काय आलं, आणि मग म्हणाली हिला थंडी नाही वाजत का. कॉस्च्युमचं एवढंच. बाबांचं अजून बाकी आहे.

ठरवलंय की दिवाळीनंतरची स्पर्धा प्रेक्षक म्हणून बघायची आणि पुढच्या वर्षी उतरायचं. तालीमवाल्या दादा रागावू नका, पोझिंग मात्र आजपासून चालू, गच्चीवर ऊन उतरल्यावर. ट्रेनर सरांना सांगितलं तर तोंड फुगवून बसलेत. हिल्सची सवय आत्तापासूनच करू ना? चार इंची पारदर्शक नवी पेठेत मिळतील का ऑनलाईनच मागवू?

हिल्सवाली_पुणे

ऑनलाईन. नवी पेठेत मी तीन दुकानं फिरले, एकाने नवरीच्या सँडल दाखवल्या, दुसऱ्याने विचारलं वरातीत नाचायला पाहिजेत का. अर्धा नंबर मोठी घे, स्टेजवर पाय सुजतात. आणि पट्टीवाली घे हं, नुसती सपात निसटते.